मार्क सियर्स एनबीएच्या ड्राफ्टमधून का सुटला? कमी उंचीच्या गार्डला जोखायचं कसं?

तिरकापास:
अलाबामा विद्यापीठाचा बास्केटबॉल गार्ड (चेंडू खेळवणारा खेळाडू) मार्क सियर्स. त्याने 2023-24 मध्ये सामन्यामागे सरासरी 21.5 पॉईंट काढले, थ्री (रेषेबाहेरून तीन पॉईंटचा शॉट) 43 टक्क्यांच्या वर, संघ पहिल्यांदाच फायनल फोरमध्ये (कॉलेज स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत). 2025 च्या मार्चमध्ये बीवाययू (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) विरुद्ध एकट्याचे 10 थ्री. तरी 2025 च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) 59 नावं पुकारली गेली त्यात तो नाही. नंतर मिलवॉकीने टू-वे करार (एनबीए आणि तिची दुय्यम लीग, दोन्हीकडे खेळायचा) दिला. त्याच कॉन्फरन्समधला (कॉलेज संघांच्या गटातला) फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन ज्युनियर मात्र 18 वा गेला. रोस्टरवर (संघाच्या खेळाडू-यादीत) सियर्स 6 फूट 1, क्लेटन 6 फूट 3. सगळा फरक या दोन इंचांचाच का? टेपवर (सामन्यांच्या व्हिडिओत) नेमकं काय बघायचं ते सांगा.

कोपऱ्यातलाथ्री:
इंच मोजायचेच तर अनवाणी उंची, हातांचा पसारा आणि हात वर करून उभ्याची पोहोच, तिन्ही एकत्र बघा. पसारा उंचीपेक्षा तीन-चार इंच जास्त असेल तर बरंच काही झाकलं जातं.

आता शूटिंग. सियर्सचा थ्री 2024-25 मध्ये 34.5 टक्क्यांवर आला, पण फ्री थ्रो (फाऊलनंतर कुणी न अडवता मारायचा शॉट) दोन्ही वर्षं 80 टक्क्यांच्या वर. म्हणजे हात बिघडलेला नाही. थ्रीचा एका मोसमाचा आकडा खूप हलतो, फ्री थ्रोचा त्यामानाने कमी, म्हणून आधी फ्री थ्रो बघावा. मग थ्री वेगळे करा: पास घेऊन उभ्याने मारलेले आणि ड्रिबलवरून (चेंडू आपटत येऊन) मारलेले. कॉलेजची रेषा 6.75 मीटरवर, एनबीएची वरच्या भागात 7.24 वर. ज्याचा चेंडू छातीसमोरून सुटतो त्याला हे अर्ध्या मीटरचं अंतर जड जातं, कारण ताकद लावायला तो चेंडू आणखी खाली नेतो आणि लांब हाताचा बचावपटू तेवढ्यात पोहोचतो. त्यामुळे कॉलेजातच रेषेच्या हातभर मागून किती मारले, ते मोजा.

पिक अँड रोलमध्ये (साथीदार गार्डच्या बचावपटूला आडवा उभा राहतो आणि मग रिंगकडे वळतो) सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे दोघे बचावपटू अंगावर आले की गार्ड काय करतो. दोन उंच माणसांच्या पलीकडचं कमी उंचीच्या गार्डला दिसत नाही. चांगला गार्ड दोन ड्रिबल मागे सरतो, दोघांना ओढून आणतो आणि मधल्या फटीतून खाली टप्पा पास देतो किंवा उलट्या कोपऱ्यात चेंडू फेकतो. कच्चा गार्ड तिथेच ड्रिबल थांबवतो आणि डोक्यावरून तरंगता पास देतो. तो पास चोरीला जातो. असे वीस-पंचवीस प्रसंग काढून बघा, सरासरीपेक्षा जास्त कळेल.

संघाची पद्धतही वजा करावी लागते. प्रशिक्षक नेट ओट्सचा अलाबामा जवळपास फक्त थ्री आणि रिंगखालचे शॉट घेतो, पाचही जण बाहेर पसरलेले. आत मोकळी जागा आयती मिळते. आताचा एनबीए स्टार जेलन ब्रन्सन 2018 च्या ड्राफ्टमध्ये 33 वा गेला, तोही सियर्ससारखा डावखुरा आणि 6 फूट 2. पण गर्दीत दोन्ही पायांवर थांबून, पिव्हट घेऊन (एक पाय रोवून वळून), हूल देऊन शॉट काढणं त्याला विलानोव्हा विद्यापीठातच येत होतं. सियर्सचं हे अंग मला अर्धवट वाटतं.

स्विचनको:
वरचं सगळं मान्य, पण ड्राफ्टमध्ये खरी कात्री लागते ती बचावावरून. प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) समोरचा संघ हा गार्ड ज्याला अडवतोय त्यालाच स्क्रीन लावायला (बचावपटूच्या वाटेत आडवं उभं राहायला) बोलावतो. स्विच झाला (बचावपटूंनी आपापली माणसं बदलली) की 6 फूट 8 चा फॉरवर्ड त्याच्या डोक्यावरून शॉट मारतो. म्हणून तो स्क्रीनवरून कसा जातो ते बघा: पुढचा पाय स्क्रीनरच्या पायापलीकडे आधी पडतो का, की पाठीला चिकटून मागे राहतो? गार्ड फ्रेड व्हॅनव्ह्लीट 2016 मध्ये ड्राफ्ट झाला नाही, तरी टिकला. त्याची कंबर-मांड्या भक्कम आहेत आणि चेंडू वर जायच्या आधीच तो खालून हात घालतो. होजे अल्वाराडो 2021 मध्ये तसाच सुटला, पण जॉर्जिया टेक विद्यापीठात असताना एसीसी या कॉलेज कॉन्फरन्सचा सर्वोत्तम बचावपटू होता. सियर्सकडे असं एखादं ठळक हत्यार नाही.

क्लेटन बचावात फार पुढे नाही. तो चेंडूशिवाय, स्क्रीनभोवती पळत येऊन वळता वळता शूट करतो, म्हणजे दुसऱ्या गार्डसोबत खेळू शकतो. एनबीएच्या बेंचवरून येणाऱ्याच्या हाती चेंडू क्वचितच असतो. माझ्या मते इंचांपेक्षा हे जास्त महत्त्वाचं ठरलं.

तिरकापास:
मग टू-वे घ्यावा की सरळ युरोप?

कोपऱ्यातलाथ्री:
टू-वेमध्ये जास्तीत जास्त 50 सामने, पगार रुकी (पहिल्या वर्षाच्या खेळाडूच्या) किमान पगाराच्या निम्मा, आणि करार बदलल्याशिवाय प्लेऑफ नाही. एक वर्ष घ्यायला हरकत नाही. पण युरोपात चालणारी फिबाची (आंतरराष्ट्रीय संघटनेची) रेषाही 6.75 वरच आहे, सामना 40 मिनिटांचा आणि बचावाला तीन सेकंदांचा नियम (रिंगखाली कुणाला न अडवता उभं न राहण्याचा) नाही, अगदी कॉलेजसारखं. फक्त शॉट क्लॉक (शॉट घ्यायची मुदत) 30 ऐवजी 24 सेकंद. गार्ड शेन लार्किन 5 फूट 11 चा, तुर्कस्तानच्या एफेस संघासोबत 2021 आणि 2022 ची युरोलीग जिंकला. सियर्सचा खेळ तिकडे फारसा न बदलता चालेल.