मदत हवी आहे: नॉकआउट उंदीर मिसळत नाहीत, की मुळात हलतातच कमी?

शँक३बी नॉकआउट उंदरांवर (म्हणजे शँक३ जनुकाचा एक भाग काढून टाकलेल्या उंदरांवर) काम करते आहे. पार्श्वभूमी सी५७बीएल/६जे (प्रयोगशाळेतला एक प्रमाणित वाण), हेटेरोझायगस (जनुकाची एक प्रत बिघडलेली, एक शाबूत) जोड्यांची पैदास, तुलनेला त्याच वेतातली वाइल्ड-टाइप (दोन्ही प्रती शाबूत असलेली) भावंडं. फक्त नर, सगळे प्रौढ.

थ्री-चेंबर चाचणीत (तीन कप्प्यांची पेटी, एका बाजूला अनोळखी उंदीर, दुसऱ्या बाजूला वस्तू) वाइल्ड-टाइप उंदीर अनोळखी उंदराजवळ वस्तूपेक्षा स्पष्टपणे जास्त वेळ घालवतात. नॉकआउटमध्ये तो फरक दिसत नाही. अडचण अशी की ओपन फील्डमध्ये (रिकाम्या पेटीत मोकळं सोडून हालचाल मोजतात ती चाचणी) नॉकआउट एकूणच कमी फिरले. शिवाय ते अंग चाटत बसतात, त्यात बराच वेळ जातो. मग हा सामाजिक वर्तनातला फरक म्हणायचा की नुसत्या हालचालीतला?

नेहमीच्या शंका तपासल्या आहेत. पुरलेलं खाद्य ते वेळेत शोधतात, म्हणजे वास येतो. अनोळखी उंदराची बाजू दर वेळी बदलली. व्हिडिओ पाहणाऱ्याला जीनोटाइप (उंदीर नॉकआउट की वाइल्ड-टाइप) माहीत नव्हता. त्वचेवर जखमा असलेले उंदीर आधीच वगळले. वेत हा रँडम इफेक्ट धरला (म्हणजे वेतावेतातला फरक सांख्यिकीत हिशेबात घेतला), तरी निकाल तोच.

कापलेलं अंतर कोव्हेरिएट म्हणून (विश्लेषणात ज्याचा प्रभाव वेगळा काढतात असा घटक) घालावं असं एकांनी सुचवलं. मला ते पटत नाही: हालचाल जर त्याच जनुकामुळे घटली असेल, तर त्या दुरुस्तीत खरा परिणामही पुसला जाईल.

नवे प्राणी वापरायची परवानगी नाही, व्हिडिओ मात्र सगळे आहेत. कप्प्यातल्या वेळेऐवजी प्रत्यक्ष हुंगण्याचा वेळ मोजून, चाटण्याचा वेळ वजा करून, उरलेल्या वेळातलं प्रमाण काढलं तर समीक्षक ते ग्राह्य धरतील का? की याच व्हिडिओंतून दुसरं काही मोजावं?