मदत हवी आहे: मुलीच्या गेममधल्या अनोळखी माणसांचं काय करायचं?

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, मुलगी चौथीत आहे. सोसायटीतली सगळी मुलं एकच ऑनलाइन गेम खेळतात, म्हणून तीही खेळते. परवा तिथल्या चॅटवर कुणीतरी फुकट कॉइन्स देतो म्हणालं, शाळा कुठली ते विचारलं आणि वर लिहिलं, 'दुसऱ्या अ‍ॅपवर ये, आईला सांगू नको.' तिने लगेच मला आणून दाखवलं, याचं फार कौतुक वाटलं. स्क्रीनशॉट ठेवलेत, खातं रिपोर्ट करून ब्लॉक केलंय.

नंतर कळलं की मामेभावाने तिचं खातं 18 वर्षं वय टाकून उघडलं होतं, म्हणून लहान मुलांसाठीची बंधनं लागलीच नव्हती. आता खऱ्या वयाचं नवीन खातं उघडून चॅट बंद केलंय. फोनवर फॅमिली लिंक हे गुगलचं पालकांसाठीचं अ‍ॅपही आहे, पण त्याने वेळ आणि खरेदी आवरते. गेमच्या आतलं बोलणं त्यात दिसत नाही.

आम्ही दोघंही सातपूरला कामाला, दुपारी घरी फक्त सासूबाई. गेम पूर्ण बंद केला तर पुढच्या वेळी ती मला सांगणारच नाही, ही भीती आहे. फक्त ओळखीच्या मैत्रिणींशीच चॅट, असं कुणी जमवलंय का? राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. कुणी केली आहे का, की थेट पोलिसांकडे जावं? आणि सोसायटीतल्या पालकांना, आजी-आजोबांना मराठीत नीट समजावेल असं नाशिकमध्ये कुणी माहीत असेल तर कृपया सांगा.