विषय: लेझरचे डाग आणि दाद कुणाकडे मागायची?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मेलांमध्ये हा भलताच विषय घुसवतेय, रागावू नका. एप्रिलमध्ये घराजवळच्या एका सलूनमध्ये पायांच्या लेझरचं सहा सिटिंगचं पॅकेज घेतलं. 540 पौंड, सगळे आगाऊ. पहिलं सिटिंग ठीक झालं. जूनमधल्या दुसऱ्यानंतर पोटऱ्यांवर लाल पट्टे उठले, आता त्यांचे काळे डाग झालेत. सलूनवाली म्हणते, तुम्ही फॉर्मवर सही केलीय, जबाबदारी आमची नाही. हवं तर उरलेली चार सिटिंग घ्या म्हणे!

ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. बाई गोड बोलली, केस नंबर दिला, ट्रेडिंग स्टँडर्ड्सला (कौन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं, दुकानदारांवर लक्ष ठेवणारं खातं) कळवते म्हणाली. तीन आठवडे झाले, सगळं शांत. यातून कुणी गेलंय का?

मेघना, स्लाऊ

---

मेघना,

फोनची वाट बघू नकोस. कौन्सिलात नोकरी केली आहे म्हणून सांगतो, ट्रेडिंग स्टँडर्ड्स कुणाचे पैसे वसूल करून देत नाही. ते तक्रारी गोळा करतात आणि एकाच दुकानाच्या नावावर बऱ्याच जमल्या की चौकशीला लागतात. तेव्हा तुझी नोंद वाया गेलेली नाही, फक्त तुझ्या कामाची नाही. ठाण्याला माझ्या भावाने फ्रिजसाठी ग्राहक मंचात केस टाकली होती. अर्ज केला की तारीख पडते, हेच चित्र डोक्यात ठेवून आपण इथे फोन करतो आणि हिरमुसतो.

त्या सहीला घाबरू नकोस. 2015 च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे सेवा वाजवी काळजी घेऊन आणि कौशल्याने द्यावीच लागते. निष्काळजीपणाने इजा झाली असेल, तर ती जबाबदारी कुठल्याही फॉर्मवर सही घेऊन झटकता येत नाही.

आता मुद्द्याचं. पैसे कशाने भरलेस? क्रेडिट कार्डाने असतील तर सलूनशी हुज्जत सोड आणि कार्ड कंपनीला धर. 1974 च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम 75 बघ. 100 पौंडांच्या वर आणि 30,000 पर्यंत किंमत असेल तर कार्ड कंपनी विक्रेत्याइतकीच बांधील असते. थोडेच पैसे कार्डाने दिले असले तरी चालतं. फक्त ‘पॅकेज एकच, किंमत 540’ असं ठळक लिही, नाहीतर एकेका सिटिंगचे 90 धरून ते तुला वाटेला लावतील.

शिरीषकाका

---

कृपया सगळ्यांना रिप्लाय करू नये. मोदकांचा आकडा मला रविवारपर्यंत हवाय, आत्तापर्यंत फक्त सात घरांनी कळवलंय.

वैशाली

---

वैशालीताई, सॉरी, पण हे सगळ्यांनीच वाचावं म्हणून सगळ्यांना.

मेघना, मी स्किन क्लिनिकमध्ये नर्स आहे. कुठलं लेझर होतं ते विचारलंस का? लेझर केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळा रंग देणारं द्रव्य, हेरून तापवतं. आपल्या कातडीतही ते भरपूर असतं, त्यामुळे मशिनला केस कुठला आणि कातडी कुठली हे नीट उमगत नाही. ॲलेक्झांड्राइट (755 नॅनोमीटर) गोऱ्या कातडीला बरं. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला सहसा 1064 चं एनडी-याग वापरतात, ते वरच्या थरात कमी अडकतं. आणि तू मे महिन्यात रत्नागिरीला लग्नाला गेली होतीस ना? फोटो बघितले मी, चांगली रापली होतीस. त्यावर तीन आठवड्यांत लेझर मारलं? मारण्याआधी त्यांनी उन्हाबद्दल विचारायलाच हवं होतं.

तुझी फाइल लेखी मागव. मशिनचं नाव, सेटिंग, टेस्ट पॅचची (आधी छोट्याशा जागेवर लेझर मारून बघतात त्याची) तारीख, सगळं. स्वतःची माहिती मागण्याचा तुला हक्क आहे, एरवी महिन्याभरात द्यावी लागते. जीपीला, म्हणजे तुझ्या फॅमिली डॉक्टरला, डाग दाखव म्हणजे तिथेही नोंद राहील.

लायसन्सबद्दल: लंडनच्या बऱ्याच बरोंमध्ये (पालिका विभागांमध्ये) 1991 च्या कायद्याखाली लेझरला कौन्सिलचं लायसन्स लागतं. स्लाऊ त्या हद्दीबाहेर. केस काढायच्या लेझरवरची सीक्यूसीची (आरोग्यसेवांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची) नोंदणी 2010 मध्येच गेली. 2022 च्या हेल्थ अँड केअर ॲक्टने सरकारला लायसन्स लावायचा अधिकार दिला, पण अधिकार मिळाला म्हणजे पद्धत सुरू झाली असं नाही. म्हणून कौन्सिलच्या एन्व्हायर्न्मेंटल हेल्थलाही एक मेल टाक. मशिन भाजतंय हा त्यांचा विषय आहे.

अश्विनी, हॅरो

---

काका, अश्विनी,

100 पौंड डिपॉझिट क्रेडिट कार्डाने दिलं होतं, बाकी डेबिटने. मला वाटलं होतं ते शंभर बुडीत खाती. कलम 75 म्हटल्यावर बँकेतला मुलगा एकदम सरळ बोलायला लागला, फॉर्म पाठवलाय.

सलूनने फाइलही पाठवली, पाचव्या दिवशीच. मशिन ॲलेक्झांड्राइट. टेस्ट पॅच एप्रिलचा, जूनमध्ये नाही. आणि जूनच्या कागदावर ‘गेल्या चार आठवड्यांत उन्हात गेला होता का’ यापुढे ‘नाही’वर टिक आहे. मला तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

वैशालीताई, आमचे एकवीस.

मेघना