न मागवलेले चोवीस सापळे आणि सोबत बिल

कातळावरचा (देवगड):
मार्चअखेरीस एका कंपनीला फोन करून फळमाशीच्या सापळ्यांचा भाव विचारला. फक्त भाव. "कळवतो" म्हणून ठेवून दिला. आठ दिवसांनी टेम्पोवाला खोकं शेजाऱ्याकडे उतरवून गेला; मी बागेत होतो. आत २४ सापळे, १४० रुपये नगाने ३,३६० चं बिल, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात : 'सात दिवसांत परत न केल्यास माल मान्य समजला जाईल.' ती ओळ मी वाचली नवव्या दिवशी. ऐन काढणीत कागद कोण वाचत बसतो?

आता माझी चूकही सांगतो. माशी दिसायला लागली होती. दापोली विद्यापीठाचा रक्षक सापळा आणायला जायला सवड होईना, म्हणून खोक्यातले चार टांगले. आता रोज फोन : "वापरलेत ना? मग सगळ्याचे भरा." भरायचे का? आणि परत पाठवायचे तर भाडं कोणाचं?

खाडीकाठ :
एक पैसो दिव नको रे. तू मागवलंस नाय, त्यांनी धाडल्यानी. फुकट गावला म्हणान ठेव. माझो भाचो अमेरिकेत आसा, थंय असो माल बक्षीस धरतत.

वकीलताई, रत्नागिरी :
काका, भाचा खरं सांगतोय, पण तिथलं. अमेरिकेत टपालाने आलेला न मागवलेला माल भेट धरायची सोय १९७० च्या कायद्याने झाली. आपल्याकडे तसं कलम नाही, आपल्याला १८७२ चा करार कायदाच बघावा लागतो.

सात दिवसांची ओळ मात्र विसरा. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. १८६२ मध्ये इंग्लंडात एका काकाने पुतण्याला लिहिलं, तुझं काही कळलं नाही तर घोडा माझा झाला असं धरतो. पुतण्याने उत्तरच पाठवलं नाही. कोर्टाने सांगितलं, करार झालेला नाही. तो घोडा आम्हाला लॉ कॉलेजात पहिल्याच वर्षी भेटला.

पण ते चार सापळे! कलम ७० खालचं उदाहरण जणू तुमच्यासाठीच लिहिलंय : व्यापारी चुकून एखाद्याच्या घरी माल ठेवून जातो, घरवाला तो आपलाच समजून वापरतो, तर त्याने पैसे द्यायचे. इथे चूक नाही, आगाऊपणा आहे, तरी माल त्यांनी फुकट म्हणून पाठवला नव्हता आणि फायदा तुम्ही घेतलात. म्हणून चारांचे ५६० द्या, उरलेल्या वीसांचा एक रुपयाही नाही.

ते वीस तुमचे नाहीत. विकू नका, वाटू नका, कोरड्या जागी ठेवा. "पंधरा दिवसांत तुमच्या खर्चाने घेऊन जा" असं लेखी कळवा, स्पीड पोस्टाची पावती जपा. मागवलंच नाही, तर परतीचं भाडं तुम्ही का सोसायचं? फोनवर वाद घालू नका, फोनचा पुरावा राहत नाही. तगादा थांबला नाही तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.

कलमवाला (राजापूर) :
कायद्याचं झालं, आता माशीचं बोला. आत ल्युअर, म्हणजे माशीला ओढणारं आमिष, कुठलं आहे? आंब्याच्या माशीला मिथाइल युजेनॉल लागतं. क्यू ल्युअर असेल तर ते काकडी-भोपळ्याच्या माशीचं, कलमावर टांगून नुसती शोभा.

कातळावरचा (देवगड):
ताई, पत्र आज टाकलं. ५६० यूपीआयने पाठवले, शेऱ्यात 'फक्त चार नगांचे'. फोनवाला म्हणाला, "असं चालत नाही." म्हटलं, लिहून कळवा. दोन दिवस शांतता आहे. खोकं पडवीत फळीवर ठेवलंय, खाली उंदीर येतात.

कलमवाले, तुमचं वाचून लगेच पाकिटं बघितली. चारांतली दोन क्यू ल्युअर निघाली! आठ दिवस हापूसच्या फांदीवर उगाच झुलत होती. काकीच्या पडवळाच्या मांडवाला नेऊन बांधली. ती विचारते, अजून दोन मिळतील काय. खोक्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय.