बरडावर सोयाबीन करपलं, काळीत हिरवंगार. औषध एकच!

माळकरी, औसा
दीड एकराचा सलग पट्टा आहे. वर मुरमाड बरड, खाली भारी काळी. सोयाबीन पेरून दुसऱ्या दिवशी मेट्रिब्युझिन हे तणनाशक मारलं, सगळीकडं सारखंच. त्या रात्री ओढ्याला गुडघाभर पाणी आलं, असा पाऊस. उगवण झकास झाली. आता बरडावरच्या रोपांची खालची पानं कडेनं पिवळी पडून करपतायत, आणि गंमत म्हणजे तणही तिथंच जास्त. दुकानदार म्हणतो मात्रा जास्त झाली. मग तण कसं जगलं?

जुनं खुरपं
दुकानदार अर्धा बरोबर आहे. त्या जमिनीला मात्रा जास्तच, पण औषध जागेवर राहिलं नाही हे खरं दुखणं. बारीक तणाचं बी वरच्या बोटभर मातीत उगवतं, सोयाबीनची मुळं त्याखाली. काळीत चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब औषध धरतात. बरडावर धरायला आहे काय, खडे? त्यात मेट्रिब्युझिन लिटरभर पाण्यात ग्रॅमभर तरी विरघळतं. पेंडीमेथालिन हे दुसरं तणनाशक अर्धा मिलिग्रॅमही नाही, ते मातीला चिकटून वरच बसतं. तुमच्या पावसानं तणाच्या वाट्याचं औषध पिकाच्या मुळाशी नेलं. जमीन चुनखडीची असेल तर पकड आणखी ढिली.

विहीरवाला
काळीचं एवढं कौतुक नको. मृगाच्या पहिल्या पावसानंतर धुऱ्यालगतच्या न कुळवलेल्या काळीत भेगेत खुरपं घातलं होतं. वीतभर खाली चिखल, आणि शेजारचं ढेकूळ फोडलं तर आत कोरडा भुगा! पाणी मातीतून गेलंच नव्हतं, भेगेतून सरळ खाली. औषधही तसंच जाणार, आणि माझी विहीर तिथून वीस पावलांवर. भेगा मिटल्या की उलटं. मुरणं कमी, वाहणं जास्त, मग गाळाला चिकटून पेंडीमेथालिनसुद्धा बांधापर्यंत येतं.

माळकरी, औसा
बघून आलो. खालच्या बांधाला कोपऱ्यात पाणी साचलं होतं, तिथं काळीतही पिकाच्या तीन-चार ओळी पिवळ्या आहेत. मोडून दुबार पेरू का?

जुनं खुरपं
घाई नको. शेंड्याकडं बघा. नवं पान हिरवं निघत असेल तर रोप सावरतंय. वाफसा आला की कोळपं घाला, तण त्यातच निघेल. आणि पुढच्या साली बरडाची टाकी वेगळी, कमी मात्रेची भरा.

माळकरी, औसा
शेंडा हिरवा आहे. कोळपं आहे, बैल चुलत्याकडून आणावे लागतील.