रबाळ्याच्या छोट्या युनिट्सवर पीएचडी करायचीय, गाईड म्हणतात यात नवीन काय?

ऐरोली_लोकल
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून नवी मुंबईतल्या एका कॉलेजातून मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करतेय. विषय रबाळे-महापे पट्ट्यातली जॉबवर्कवाली युनिट्स, म्हणजे दहा-पंधरा माणसं, दोन-तीन लेथ, एखादी सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशिन, मोठ्या कंपनीकडून चलनावर, म्हणजे मालासोबतच्या चिठ्ठीवर, माल येतो आणि मशिनिंग होऊन परत जातो. हे लोक कामगार कसे टिकवतात, पेमेंट तीन-तीन महिने अडकलं की धंदा कसा चालवतात हे बघायचंय. गाईडचं म्हणणं, रबाळ्यावरचा पेपर बाहेर कोण छापणार, त्यापेक्षा अमेरिकेतली तयार प्रश्नावली घे, १ ते ५ वाली, म्हणजे किती सहमत ते आकड्यात सांगायचं, तीनशे फॉर्म भरून घे. आधी चाचणी म्हणून एका शेडमध्ये फॉर्म दिला तर मालकांनी पुतण्याला हाक मारली आणि त्याने चहा येईपर्यंत सगळीकडे ४ वर टिक करून दिलं. तेच मालक मग अर्धा तास चलनबुक उघडून दाखवत होते, कुठली पार्टी किती थकवते, कुणाचं काम आधी मशिनवर चढवतात आणि का. त्यातलं एक अक्षर फॉर्ममध्ये बसत नाही. काय करू?

मासुंदा_काठ
ताई, गाईडना एकच उदाहरण द्या. भारतातल्या मॅनेजमेंटवरचा जगभर शिकवला जाणारा अभ्यास आपल्या शेजारचाच आहे. तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्या, १७ फर्म्स, २८ प्लँट्स. ब्लूम, मॅकेन्झी वगैरे अर्थतज्ज्ञांनी काही प्लँट्सना फुकट कन्सल्टिंग दिलं, सुताचा स्टॉक लेबल लावून ठेवा, मशिन कशाने बंद पडलं ते लिहा अशा साध्या गोष्टी, आणि पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. २०१३ मध्ये पेपर आला तेव्हा तारापूर ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला. तारापूर नावाला म्हणून तो कोणी नाकारला नाही.

पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्यांना तिथे दिसलं ते. फर्म किती मोठी होणार हे घरात कर्ते पुरुष किती यावरून बऱ्यापैकी कळत होतं, कारण बाहेरच्या माणसाच्या हातात कारभार द्यायची मालकांची तयारीच नव्हती. बोस्टनमध्ये बसून हे सुचलं नसतं. म्हणून "इथे कोणी अभ्यास केला नाही" एवढंच लिहू नका, जगात अशा जागा हजारो आहेत. जो प्रश्न रबाळ्यात स्पष्ट दिसतो आणि दुसरीकडे झाकलेला राहतो तो पकडा.

वागळे_शेड
मी युनिट चालवतो, रिसर्चवाला नाही. प्रश्न मी देतो तुम्हाला. २००६ च्या एमएसएमई म्हणजे लघुउद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, तक्रारीला सरकारचं ऑनलाइन पोर्टल, वरून इन्कम टॅक्सचा नियम पण आला, वेळेत न दिलेले पैसे त्या वर्षी खर्चात धरत नाहीत. तरी माझ्या ओळखीतला एकही जण तक्रार करत नाही, कारण केस टाकली की दुसऱ्या दिवसापासून चलन यायचं बंद होतं आणि बाजूच्या शेडला काम जातं. मग आम्ही काय करतो, तर उशिरा देणाऱ्याचा रेट आधीच चढा लावतो, नाहीतर त्याचा माल मागे ठेवतो, आणि कोण कसा देतो हे एकमेकांना फोनवर सांगतो. हे सगळं कुठेच लिहिलेलं नसतं पण अख्खी एस्टेट त्याच्यावर चालते. पोटतिडकीने सांगतो, यावर कोणीतरी नीट लिहायला हवं हो, पॉलिसी करणाऱ्यांना वाटतं कायदा केला म्हणजे झालं.

आणि महिन्याच्या सुरुवातीला येऊ नका, पगार असतात, ११ ला जीएसटीआर-१, २० ला थ्रीबी, ही जीएसटीची रिटर्न्स भरायची असतात. २२ नंतर या, दुपारी जेवणानंतर. पुतण्याकडे नाही, मालकाकडेच बसा.

कोलशेत_डेटा
वरच्यांशी सहमत, पण सर्व्हेच फेकून द्या असं मी म्हणणार नाही. "मी नियोजनाला महत्त्व देतो" असं विचारलं की कोणीही ४ देणारच. मॅकेन्झी आणि वुडरफ यांनी बांगलादेश, घाना, केनिया, श्रीलंका धरून सात देशांतल्या छोट्या धंद्यांना असे २६ प्रश्न विचारले की ज्यांचं उत्तर केलं किंवा नाही केलं एवढंच, जसं हिशोब लिहून ठेवता का, दुसरीकडचे भाव काढता का. तसे प्रश्न तुम्ही चलनबुकावरून बनवा, गेल्या दहा चलनांचे पैसे कधी आले, पार्टी जुनी की नवी, पुढचं काम घेतलं का. मालकाचं मत नको, वहीतल्या तारखा घ्या, नावं झाकून.

पाकिस्तानातल्या सियालकोटच्या फुटबॉल कारखान्यांवरचा पेपर नक्की वाचा. रेक्झिन कमी वाया जाईल अशी नवी डाय, म्हणजे तुकडे कापायचा साचा, कारखान्यांना फुकट दिली तरी फार थोड्यांनी वापरली, कारण कटिंगवाल्याला पीसवर पैसे, नवीन डायने हात मंदावतो, म्हणून तो मालकाला सांगायचा की ही चालत नाही. मग काही ठिकाणी कामगारांना साधारण महिन्याच्या पगाराएवढं बक्षीस ठेवलं आणि वापर वाढला. मालक आणि कामगार दोघांशी वेगवेगळं बोललं तरच असं सापडतं, तेव्हा ऑपरेटरना मालकासमोर विचारू नका.

छापायचं म्हणाल तर आफ्रिकेवर काम करणाऱ्या अभ्यासकांनी आफ्रिका जर्नल ऑफ मॅनेजमेंट २०१५ पासून चालवलंय, अशा जागांवरचं काम कसं मांडतात ते त्यात बघा. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांच्या नादी लागू नका, यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, २०२५ मध्ये बंद झाल्यापासून तर फारच पारखून घ्यावं लागतं.

ऐरोली_लोकल
मनापासून आभार सगळ्यांचे. पेमेंट थकल्यावर तक्रार न करता शेडवाले काय करतात, हाच प्रश्न धरते, तारापूरचा पेपर प्रिंट काढून गाईडना देते. वागळे_शेड दादा, २२ नंतर तुमच्याकडे आले तर चलनबुक बघायला मिळेल का? पार्टीची नावं झाकायला कागदाच्या पट्ट्या मीच आणीन, आणि फोटो काढणार नाही.

वागळे_शेड
या की. फक्त लेथवाल्या पोरांशी बोलायचं असेल तर साडेपाचनंतर, गेटबाहेर टपरीवर. मी नसेन तिथे.