मदत हवी आहे: सगळ्यांचं एकच आकाश, पण बोलायचं काय?

मार्गशीर्ष अमावस्येच्या आसपास मुंबईजवळच्या वांगणीला सोसायटीतल्या वीसेक जणांना आकाश दाखवायला नेतोय. त्यात माळकरी आजी आहेत, दोन मुस्लिम कुटुंबं आहेत आणि तीन कट्टर नास्तिक (त्यातला एक मी). दुर्बीण नाही, ७ x ५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) आहे. बारापर्यंत आटपायचंय, आणि तोवर सप्तर्षी पुरते वर आलेले नसतात. त्यामुळे अरुंधती सुचवू नका.

गेल्या वेळी मृग-व्याधाची गोष्ट सांगितली तर गाडी थेट राशिभविष्यावर घसरली. मग नुसते आकडे दिले, तर आजी पेंगायला लागल्या.

यंदा कृत्तिकांचा तारकापुंज आणि रोहिणीचा तारा धरतोय. रोहिणीचं अरबी नाव अल्-दबरान, म्हणजे मागून येणारी. ती कृत्तिकांच्या मागोमाग उगवते म्हणून. आपल्या नक्षत्रांतही कृत्तिकांनंतर रोहिणीच! शिवाय तिचा प्रकाश निघाला सुमारे ६५ वर्षांपूर्वी, जवळपास आजींच्या लग्नाच्या वेळी.

यानंतर दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प राहून वर बघायचं, असं मनात आहे. त्याला प्रार्थना म्हणायचं नाही आणि विज्ञानाचा तासही करायचा नाही. असा कार्यक्रम कोणी केला असेल, तर त्या शांततेआधी नेमकी कोणती दोन वाक्यं बोललात?